गिटारवरचं नाव

ब्रेडा, २ मार्च २०२५

ती. आई,
सा. न. वि. वि.

खरं तर फोनच करणार होते. नंबर काढलाही, पण 'हॅलो' झाल्यावर पुढे काय बोलायचं ते सुचेना. म्हणून हे पत्र. ईमेलने पाठवतेय, तरी पत्र म्हणूनच वाचा. माझं आणि कुणालचं कोर्टाचं सगळं संपल्यापासून आपण बोललेलोच नाही. तुमच्यावर राग नाही, हे आधी सांगून टाकते. तुमचा माझ्यावर असेल तर तो मला समजेल.

हूफडॉर्पचं घर सोडलं. आता ऑफिसच्या जवळ, ब्रेडाला छोटा फ्लॅट घेतलाय. सायकलने दहा मिनिटांत ऑफिस. जुनं घर रिकामं करताना तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत, सायकलींच्या मागे, एक काळी पेटी सापडली. बाबांची गिटार. कुणाल डब्लिनला जाताना त्याचं सगळं घेऊन गेला, हीच कशी राहिली कोण जाणे. मी त्याला मेसेज करून विचारलं. त्याने लिहिलं, "ती आईची. तिला विचार."

म्हणून विचारतेय. मी पेटी इकडे आणली आहे, कोरड्या जागी ठेवली आहे. पुढच्या वर्षी भारतात येईन तेव्हा आणून देऊ का? की कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठवू?

तुमचे गुडघे कसे आहेत? मुलुंडला उकाडा सुरू झाला असेल.

तुमची,
प्रांजली

---

मुलुंड, ९ मार्च २०२५

चि. प्रांजलीस अनेक आशीर्वाद.

लिहायला बसले आणि सवयीने 'चि. सौ.' लिहून गेले. मग थांबले. 'सौ.' खोडलं. 'कु.' लिहावं तर तेही खरं नाही. शेवटी नुसतं 'चि.' ठेवलं. ते मात्र कोणत्याही कोर्टाला काढता येणार नाही.

मी रागावलेली नाही. लाज वाटत होती. तुम्ही दोघं तिकडे काय ठरवलंत त्यात माझा दोष नव्हता, हे मलाही कळतं. तरी मुलगा माझा होता. तुला फोन करून काय सांगणार होते? बरं केलंस लिहिलंस ते. माझ्या भाचीने टॅबवर मराठी टाइप करायला शिकवलंय, हळू जमतं.

ब्रेडा नकाशात पाहिलं. तीस वर्षं भूगोल शिकवला पण हे गाव लक्षात नव्हतं. नेदरलँड्सच्या खालच्या टोकाला, बेल्जियमच्या सीमेला खेटून आहेस. दक्षिणेकडे सरकलीस हे चांगलं, थंडी थोडी कमी असेल.

गुडघे आहेत तसेच आहेत. जिना चढताना एकेका पायरीला शिव्या देते.

गिटारचं म्हणशील तर ती मला नको. आणू नकोस, पाठवूही नकोस. कोणाला वाजवायला हवी असेल तर देऊन टाक, नाहीतर तिकडे जुन्या वस्तूंची दुकानं असतात असं कुणाल म्हणायचा, तिथे ठेवून ये. माझ्या घरात तिला जागा नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.

आई

---

ब्रेडा, २३ मार्च २०२५

ती. आई,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि वॉशरूममध्ये जाऊन चेहरा धुऊन आले. 'चि.' पुरे आहे.

तुम्ही म्हणालात तशी गिटार द्यायला निघाले होते. पण ज्याला द्यायची त्याला ती वाजते की नाही हे तरी सांगता यायला हवं, म्हणून आधी एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. रुबेन त्याचं नाव. कालव्याजवळ त्याचं वर्कशॉप आहे, व्हायोलिनं आणि गिटारी दुरुस्त करतो. मी पेटी उघडली. तो टेबलाच्या त्या बाजूने उठून या बाजूला आला. मग हात पुसून आला आणि विचारलं, "ही तुमच्याकडे कुठून आली?"

त्याने मला जे समजावलं ते सांगते, कारण मला स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं. साध्या गिटारची पाठ आणि पोट सपाट असतं. हिचं पोट व्हायोलिनसारखं फुगीर आहे, आणि ते पातळ फळी वाकवून केलेलं नाही. जाड लाकडातून हाताने कोरून काढलंय. वर व्हायोलिनसारखीच दोन नक्षीदार भोकं. मानेजवळ तारांखाली चुंबकाची पट्टी बसवलीय, ती सूर वायरीतून स्पीकरकडे नेते. जॅझ वाजवणारे अमेरिकन लोक अशा गिटारी वापरायचे. ही साधारण १९५९-६०ची असावी असं तो म्हणाला. मोठ्या कंपनीची नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचं गाव आहे, तिथला एक एकटा कारागीर आपल्या गॅरेजमध्ये अशा गिटारी बनवायचा. हेन्री फर्बेक. मूळ नाव हेंद्रिक. आणि गंमत म्हणजे तो इकडचाच होता, डच. रुबेनने त्याच्याबद्दल फक्त वाचलं होतं, त्याची गिटार हातात पहिल्यांदा घेतली.

तो बाजूने चाचपून म्हणाला, याचं कोरीवकाम गिटारवाल्याचं वाटत नाही. आतून असं पोखरलंय जसे इकडे लाकडी बूट पोखरतात. क्लोंपन. शेतावरचे जुने लोक घालतात ते.

पोटाला एक चीर आहे, आणि वीजजोडणी मेलेली. तो दुरुस्त करतो म्हणाला. मी हो म्हटलं, विचारायच्या आधीच. रागावू नका.

अजून एक. गिटारच्या डोक्यावर, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथे, शिंपल्याच्या तुकड्यांनी 'Mina' असं नाव जडवलंय. फार सुंदर काम आहे. हे बाबांनी नंतर करून घेतलं होतं का? मीना कोण?

तुमची,
प्रांजली

---

मुलुंड, ४ मे २०२५

चि. प्रांजली,

उत्तराला उशीर झाला. घराला रंग काढलाय, सुतारही आहेत. सगळं सामान मधल्या खोलीत, टॅब सापडत नव्हता.

गिटारबद्दल मला पुन्हा विचारू नकोस. दुरुस्त कर, विक, टाकून दे, तुझी मर्जी.

तब्येतीला जप.

आई

---

ब्रेडा, ११ मे २०२५

ती. आई,
सा. न. वि. वि.

तुमचं छोटं पत्र मिळालं. मला वाटतं मला त्याचं कारण कळलं. तेव्हा मीच बोलून टाकते.

रंग कशासाठी चाललाय ते मला माहीत आहे. कुणालने स्वतः सांगितलं. कीर्तीचा फोटोही पाठवला होता. त्यांचं लग्न जूनमध्ये आहे, घरात कार्य आहे, आणि मी ऐन वेळी बाबांच्या वस्तू उकरून तुम्हाला पत्रं लिहितेय. तुमची अडचण झाली असेल. माझ्यापासून लपवायची काही गरज नव्हती. मला वाईट वाटलं का? एक संध्याकाळ वाटलं. मग मैत्रिणीकडे जेवायला गेले. आता नाही वाटत. कीर्ती चांगली असावी, चेहऱ्यावरून हसरी वाटते. तुम्ही मोकळ्या मनाने मिरवा. माझी पत्रं नको असतील तर तसं सांगा, मला राग येणार नाही.

गिटारचं पुन्हा काढू नका म्हणालात, पण एक गोष्ट इतकी छान आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही शेवटची, मग नाही काढणार.

रुबेनने ग्रँड रॅपिड्समधल्या एका म्हाताऱ्या वादकाला फोटो पाठवून विचारलं. तो त्या हेन्री फर्बेकचं गिऱ्हाईक होता, त्याला ओळखायचा. त्याचं लांबलचक उत्तर आलं. हेन्रीचे वडील इथेच ब्रेडाजवळच्या रेइसबर्गन गावात लाकडी बूट बनवायचे. रुबेनचा अंदाज बरोबर निघाला. आईवडील लवकर गेले. युद्धानंतर इकडे काम नव्हतं, घरं नव्हती, खूप लोक अमेरिकेला, कॅनडाला जात होते. तोही निघाला. मागे धाकटी बहीण. दोघांचे कागद बरोबरच केले होते. पण वैद्यकीय तपासणीत तिच्या फुफ्फुसावर जुन्या क्षयाचा डाग निघाला. तिला व्हिसा नाकारला. तू पुढे हो, मी मागून येते, असं ठरलं. पुढच्या वर्षी पुन्हा नाकारला. त्याच्या पुढच्या वर्षी तिने अर्जच केला नाही.

तो तिकडे फर्निचरच्या कारखान्यात लागला आणि संध्याकाळी गिटारी बनवू लागला. जितक्या बनवल्या त्या सगळ्यांवर एकच नाव जडवलं. मिना. विल्हेल्मिनाचं लहान रूप, इकडे फार आढळतं. लोक विचारायचे, "बायकोचं का?" तो म्हणायचा, "बहिणीचं. तिला बोटीवर चढू दिलं नाही, म्हणून असं पाठवतो."

म्हणजे नाव बाबांनी टाकलेलं नव्हतं. बाबांच्या हाती येण्याआधी वीस-एक वर्षं ते तिथे होतंच. मी उगाच 'मीना कोण' म्हणून तुम्हाला विचारत बसले.

लग्नात गुडघ्यांना पट्टे लावून उभ्या राहा.

तुमची,
प्रांजली

---

मुलुंड, १४ मे २०२५

चि. प्रांजली,

तुझं पत्र मी रंगाऱ्यांच्या शिडीशेजारी उभ्याने वाचलं. मग त्यांना चहा प्यायला खाली पाठवलं आणि दार लावून पुन्हा वाचलं.

तुला वाटलं मी लग्नामुळे गप्प झाले. लग्नाचं लपवलं हे खरं आहे, तुला दुखवायचं नव्हतं. पण गप्प बसले ते त्यामुळे नाही. आता सांगते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, कुणालला तर नाहीच.

हे बँकेत होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, ते तुला माहीत आहे. त्या ऑर्केस्ट्रात एक गायिका होती. मीना रेगे. उंच, गोरी, स्लीव्हलेस घालणारी. आवाज खरोखरच चांगला होता. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा एका रात्री हे नवी गिटार घेऊन आले. माझगावच्या आग्नेलकडून घेतली म्हणाले, तो बोटींवरच्या बँडमध्ये असायचा, अमेरिकेहून आणली होती. पेटी उघडली, आणि वरच नाव. मी विचारलं, हे काय? हे म्हणाले, आधीपासूनच आहे. मी म्हटलं, गिटारवर बाईचं नाव आधीपासून कसं असेल? तेव्हा हे हसून म्हणाले, "अगं, तिचं स्पेलिंग वेगळं आहे. ती दोन ई लिहिते."

मी म्हटलं, "ती कसं लिहिते हे तुम्हाला बरं ठाऊक."

संपलं. त्यावर हे काही बोलले नाहीत आणि मीही नाही. खरं तर त्यांना ठाऊक असणारच, कार्यक्रमाच्या पाट्यांवर नावं छापलेली असायची. हे आत्ता, तुला लिहिताना सुचलं बघ. तेव्हा नाही सुचलं.

भांडण असं कधी झालं नाही. मी त्यांच्या कार्यक्रमांना जायची बंद झाले, एवढंच. शाळेच्या वह्या तपासायच्या आहेत असं सांगायचे. घरी ते वाजवायला बसले की मी स्वयंपाकघरात जायची आणि मिक्सर लावायची. काही दिवसांनी ते घरी वाजवेनासे झाले. मित्राच्या घरी जाऊन वाजवून येत. चांगला संसार झाला आमचा, तसं काही नाही. दुखण्यात एकमेकांना सांभाळलं, मुलगा वाढवला, काश्मीर बघितलं. पण ती पेटी कपाटाच्या वर होती आणि मी कधी ती पुसली नाही. हे गेले, आणि दिवस झाल्याबरोबर मी ती कुणालच्या हातात ठेवली. घेऊन जा म्हटलं, लांब.

आणि आता तू सांगतेस की ती लाकडी बूट करणाऱ्याची बहीण.

मी आधी रडले. मग मला हसू आलं, मग पुन्हा रडले. रंगारी वर आले तेव्हा त्यांना वाटलं भिंतीचा रंग मला आवडला नाही.

त्या बहिणीचं पुढे काय झालं? ती आहे का?

आई

---

ब्रेडा, २२ जून २०२५

ती. आई,
सा. न. वि. वि.

लग्नाचे फोटो पाहिले. तुमची ती मोरपंखी पैठणी छान दिसत होती. पट्टे पदराआड लपवलेत तेही दिसलं.

तुमच्या त्या पत्राला मी मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही. घरात पाहुणे असतील हे एक. दुसरं म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं.

ती आहे, आई. सत्त्याऐंशी वर्षांची आहे, आणि माझ्या घरापासून सायकलवर वीस मिनिटांवर राहते.

आमच्या ऑफिसात आन्स नावाची बाई आहे, तिचं माहेर रेइसबर्गन. तिला मी सहज विचारलं, फर्बेक आडनावाचं कोणी आहे का. तिने तिच्या आईला फोन लावला आणि दोन मिनिटांत सांगितलं, "मिना का? ती ब्रेडाच्या वृद्धाश्रमात आहे, आई दर नाताळाला तिला केक नेऊन देते." मी आधी पत्र टाकून परवानगी घेतली. गिटार तोवर दुरुस्त झाली होती. रुबेन म्हणाला मीही येतो.

मिनाबाई बारीक आहे, ताठ बसते. माझं डच अजून कच्चं आहे, त्यात तिचं बोलणं इकडच्या खेड्यातलं, म्हणून काही वेळा रुबेनला मध्ये पडावं लागलं. भाऊ अमेरिकेत गिटारी करतो हे तिला माहीत होतं. त्यांच्यावर नाव कोणाचं ते नव्हतं माहीत. सुरुवातीला दर महिन्याला पत्र यायचं म्हणाली, मग सणाला, मग नुसतं नाताळचं कार्ड आणि त्यावर सही. ती इथे चॉकलेटच्या कारखान्यात लागली, पुढे तिथल्याच एका माणसाशी लग्न केलं, तो वारला. मुलं नाहीत. भाऊ गेल्याचं तिला त्याच्या बायकोने कळवलं, चार ओळींत. हे सगळं ती अगदी सरळ सांगत होती. तक्रार अशी नाही. शेवटी म्हणाली, तिकडे गेलं की माणूस तिकडचाच होतो, त्याला तो काय करणार.

मग रुबेनने पेटी उघडून गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

तिने चष्मा बदलला. नावावर बोट ठेवलं आणि एकेका अक्षरावरून फिरवलं. मी तिला सांगितलं की सगळ्यांवर हेच आहे, आणि लोकांनी विचारलं की तो काय म्हणायचा ते. बोटीचं वाक्य मी घरी पाठ करून गेले होते, चुकू नये म्हणून.

तिने बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर नेलं. मग म्हणाली, "नुसतं पत्र टाकलं असतं तरी चाललं असतं."

मला वाटलं ती रागावली. होतीच थोडीशी. पण गिटार काही खाली ठेवली नाही. तिचं पोट हाताने चाचपत राहिली आणि मग रुबेनला म्हणाली, "हे बाबांचं काम आहे. बाबा असंच आतून काढायचे. बुटाची टाच इतकी पातळ, की आरपार उजेड दिसायचा."

रुबेनने हळू आवाजात वाजवायला सुरुवात केली, आजूबाजूला म्हातारी माणसं म्हणून. तिने त्याला थांबवलं. इलेक्ट्रिक आहे ना, मग वीज लाव म्हणाली. त्याने गाडीतून छोटा स्पीकर आणला. आई, बाबांची गिटार मी आत्तापर्यंत ऐकलीच नव्हती. किती गोल आवाज आहे तिचा, पोटातून येतो. शेजारच्या खोल्यांची दारं उघडली. एक आजोबा चाकाची खुर्ची ढकलत थेट आत आले. मिनाबाईने सगळ्यांना सांगितलं, "ही माझी आहे, माझं नाव आहे तिच्यावर." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे हिची आहे. पण नाव माझं."

निघताना तिने मागितली नाही. फक्त पुन्हा कधी आणशील का, एवढं विचारलं.

आता अडचण सांगते. गेल्या आठवड्यात कुणालचा मेसेज आला. कीर्तीला भिंतीवर लावायला गिटार आवडेल म्हणाला, डब्लिनला पाठवून दे. मी अजून उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर ती गिटार मिनाबाईच्या खोलीत राहावी, ती आहे तोवर. पण मी आता या घरातली कोण? बाबांची वस्तू, तुमची वस्तू, कुणाल मुलगा. मला फक्त ती सामानाच्या खोलीत सापडली, एवढंच. तुम्ही सांगाल तसं करेन, आणि मनापासून करेन.

तुमची,
प्रांजली

---

मुलुंड, ३० जून २०२५

चि. प्रांजली,

गिटार मिनाबाईकडे राहील. पुढचं पुढे बघू.

कुणालशी मी बोलले. त्याला सगळं सांगितलं, मीना रेगेचंही. तो आधी म्हणाला, आई, एवढ्याशा गोष्टीवरून? मी म्हटलं, हो, एवढ्याशाच. मग म्हणाला, पण वस्तू तर माझी आहे ना, तू मला दिली होतीस. मी म्हटलं, दिली होती आणि तू सायकलींच्या मागे टाकलीस. भिंतीवर लावायला डब्लिनमध्ये दुसरं काहीतरी मिळेल. दोन-चार दिवस फोन नाही केला त्याने. काल केला. मलाही एकदा ऐकायची आहे म्हणाला, बाबांना वाजवताना मी कधी पाहिलं नाही. त्याला पाहायला का मिळालं नाही, हे त्याला आता कळलं होतं, आणि तरी तो मला काही बोलला नाही. मुलगा वाईट नाही माझा. तुझ्याशी वाईट वागला, ते वेगळं.

कीर्ती समंजस आहे. तिला तुझ्याबद्दल मीच सांगितलं, आपली पत्रं चालतात तेही. आपल्याला लपवाछपवी पुरे झाली.

आता माझा एक पराक्रम ऐक. मी मीना रेगेला शोधून काढलं. ऑर्केस्ट्रातल्या तबलेवाल्या विश्वासरावांकडे तिचा नंबर होता. नाशिकला मुलीकडे असते. फोनवर मी म्हटलं, मी सुश्रुतची बायको. ती म्हणाली, कोण सुश्रुत? मी म्हटलं, गिटार वाजवायचे ते. ती थोडा वेळ आठवत राहिली. "ते चष्मेवाले? जे कार्यक्रम संपला की लगेच घरी पळायचे?"

हो, तेच, म्हटलं.

तिला याहून जास्त काही आठवलं नाही. आम्ही गुडघ्यांवर बोललो, तिचा एक बदललाय. चांगली बाई वाटली. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसून होते. लगेच घरी पळायचे, हेच डोक्यात. आणि घरी मी मिक्सर लावून बसलेली.

हे सगळं मी तुला एवढ्यासाठी सांगतेय की मला ती गिटार ऐकायची आहे. आणि मिनाबाईला भेटायचंय. भूगोल शिकवला पण अटारीच्या सीमेपलीकडे गेले नाही कधी. कुणाल तिकडे बोलवायचा, मी टाळायची. तिकडे यायचं तर काय काय लागतं? पासपोर्ट आहे. तुझ्या फ्लॅटमध्ये मी मावेन का, हे मात्र खरं खरं सांग. आणि मिनाबाईला विचार, सप्टेंबरपर्यंत थांबाल ना म्हणून. विचारशील तेव्हा हसून विचार.

आई

---

ब्रेडा, ६ जुलै २०२५

ती. आई,

मावाल. सोफा पलंग होतो, त्यावर मी झोपेन. जिना नाही, लिफ्ट आहे.

मिनाबाईला विचारलं. ती म्हणाली, सप्टेंबरमध्ये मला दुसरं काही काम नाही.

गिटार तिच्या कपाटाशेजारी उभी आहे. शनिवारी रुबेन येऊन वाजवतो, लोक आपापल्या खुर्च्या घेऊन येतात. तिला दोन सूर छेडता येतात आता.

निमंत्रणाचा कागद मी करतेय, महापालिकेत जाऊन सही-शिक्का करून घ्यावा लागतो. त्यात एक रकाना आहे, पाहुण्याशी तुमचं नातं काय. काउंटरवर मी पेन हातात घेऊन उभी राहिले. सासू लिहू शकत नाही, आई लिहिलं तर खोटं होईल, रिकामा ठेवता येत नाही. शेवटी तो कागद तसाच घरी घेऊन आले. तुम्ही सांगाल ते लिहीन. मात्र मुंबईला मुलाखतीत विचारलं तर दोघींचं एकच यायला हवं.

तुमची,
प्रांजली

---

मुलुंड, १३ ऑगस्ट २०२५

चि. प्रांजली,

व्हिसा झाला. पासपोर्ट आज घरी आला, शिक्का बघून मी शेजारच्या काकूंनाही दाखवून आले.

त्या रकान्यात मैत्रीण लिहायचं ठरलं ते बरं झालं. त्याहून खरं काही सुचलं नसतं. पण व्हिसाच्या खिडकीवरची मुलगी हुशार होती. तिने कागद पाहिला, माझं वय पाहिलं, तुझं वय पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. विचारलं, "आजी, तुमची ही मैत्रीण तर केवढी लहान आहे. तुमची ओळख कशी झाली?"

मी सांगितलं, "माझ्या मुलाने करून दिली."

तिने शिक्का मारून कागद पुढे सरकवला.

तुझी,
आई